खुर्च्या मांडण्यापलीकडची सेवा

चर्चमधलं युवाकार्य म्हटलं की बाहेरच्या वाचकाला गिटार, नाताळची गाणी आणि ठेवणीतल्या कपड्यांतली मुलं आठवतात. हल्ली त्यामागोमाग एक शंकाही येते, की हे सगळं धर्मांतरासाठी तर नाही? आतल्या माणसांचा गैरसमज वेगळा आहे. त्यांच्या लेखी युवा मंडळ म्हणजे सणासुदीला हाताशी असलेलं मनुष्यबळ. मंडप, खुर्च्या, पार्किंग, गोठ्याची सजावट, सणाच्या दिवशी सरबताचा स्टॉल. संपादकांनी तरुणांचे उपक्रम आणि सेवेच्या संधी यांवर लिहायला सांगितलं आहे. यादी देणं सोपं आहे, पण ती मी देणार नाही. वसईच्या धर्मग्रामांत काय किंवा अहिल्यानगरच्या मंडळ्यांत काय, उपक्रमांची वाण नाही. वाण आहे ती जबाबदारीची. ज्या कामात निर्णय घ्यावे लागतात, हिशेब द्यावा लागतो आणि चुकण्याची मुभा असते, ते काम आपण तरुणांच्या हाती देत नाही. म्हणूनच वर्षानुवर्षं राबूनही सेवेतून जो माणूस घडायला हवा तो घडत नाही.

हे माझ्या मनचं नाही, चर्चच्याच इतिहासात आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात यरुशलेमच्या पहिल्या मंडळीतला तंटा सांगितला आहे. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावललं जातं, अशी तक्रार आली. प्रेषितांनी वाढपी मागवले नाहीत. मंडळीला सात जण निवडायला सांगितले आणि वाटपाचा सगळा कारभार त्यांच्यावर सोपवला. त्या सातांची नावं वाचा, सातही ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती त्यांच्याच बाजूच्या माणसांकडे कोठाराची किल्ली गेली. त्यांची वयं ग्रंथात दिलेली नाहीत, आणि मला इथे वयापेक्षा पद्धत महत्त्वाची वाटते. याच सातांतून पुढे स्तेफन आणि फिलिप उभे राहिले. तरुणांचंच उदाहरण हवं असेल तर १८३३ सालच्या पॅरिसमध्ये ते मिळतं. तुमचं चर्च आज गरिबांसाठी काय करतं, असा सवाल विरोधकांनी टाकला, तेव्हा फ्रेडरिक ओझानाम वीस वर्षांचा विद्यार्थी होता. त्यानं आणि त्याच्या मोजक्या सोबत्यांनी सिस्टर रोझाली रांद्यू यांच्याकडून गरीब कुटुंबांची माहिती घेतली, त्यांच्या घरी जायला सुरुवात केली, दर आठवड्याला बैठक घेतली आणि त्या बैठकीतच आपापल्या खिशातून निधी जमवला. पोरांनी चालवलेली ती सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटी आज वसईतही काम करते आहे. फक्त तिच्या बैठकीत आता बहुतेक पिकलेले केस दिसतात. प्रॉटेस्टंट बाजूला १८८१ साली अमेरिकेतल्या मेन राज्यात फ्रान्सिस क्लार्क या पाळकानं ख्रिश्चन एन्डेव्हर सुरू केलं. त्याचं मर्म प्रार्थनासभेपेक्षा समित्यांत होतं. प्रत्येक सभासदाकडे एखाद्या समितीचं काम, आणि कोण गैरहजर राहतो आहे, त्याच्या घरी कोण जाणार, हे पाहणारी एक वेगळीच समिती. पंचवीस वर्षांत ही चळवळ जगभर लाखो तरुणांपर्यंत पोहोचली, कारण तिनं त्यांना नुसतं बाकावर बसवलं नाही.

आता थोडं कायद्यात शिरावं लागेल, त्याला इलाज नाही. कॅथलिक चर्चच्या १९८३च्या कायदेसंहितेत ८७४वं कलम असं सांगतं की, धर्माध्यक्षांनी वेगळी मर्यादा घातली नसेल तर वयाची सोळा वर्षं पूर्ण केलेली व्यक्ती बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता किंवा धर्ममाता होऊ शकते. बाकीच्या अटी आहेत, पण वय सोळा. म्हणजे एका जिवाच्या श्रद्धेची हमी घ्यायला अकरावीतली मुलगी चर्चला चालते. त्याच संहितेचं ५३७वं कलम प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे असं बजावतं. त्या समितीत पंचविशीच्या आतलं कोणी बसलेलं क्वचितच दिसतं. नियम आड येतो म्हणून नव्हे, आपल्याला सुचतच नाही म्हणून. तरुणांना पालकीय मंडळावर घेतलं आहे, असं उत्तर यावर मिळतं. पण ५३६व्या कलमानुसार ते मंडळ फक्त सल्ला देऊ शकतं, आणि त्यातल्या युवा प्रतिनिधीला बहुधा युवा दिनाच्या कार्यक्रमापुरतं विचारलं जातं. मुलींच्या वाट्याला तर त्याहून कमी येतं. पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०२१ मध्ये वाचक आणि वेदीसेवक ही अधिकृत पदं स्त्रियांना खुली केली. आपल्याकडे त्याची चर्चासुद्धा धड झाली नाही.

मला सर्वांत जास्त खुपतो तो एका दिवसाच्या सेवेचा प्रघात. नाताळच्या आठवड्यात बस करून वृद्धाश्रमात जायचं, गाणी म्हणायची, केक वाटायचा, फोटो काढायचे आणि संध्याकाळी परतायचं. यात वाईट काय, असं मला नेहमी विचारलं जातं. मुलांना गरिबी दिसते, मन हळवं होतं, त्यातून पुढची सेवा उगवते, असा या प्रघातामागचा तर्क आहे. तो तपासून पाहिलेला आहे. १९९८च्या मिच चक्रीवादळानंतर होंडुरासमध्ये उत्तर अमेरिकेतल्या चर्चचे गट घरं बांधायला गेले. कर्ट व्हर बीक या समाजशास्त्रज्ञानं पुढे दोन्ही बाजूंचा अभ्यास केला. पाहुण्या गटांनी बांधून दिलेली घरं आणि स्थानिक संस्थांनी बांधलेली घरं यांत राहणाऱ्या कुटुंबांच्या आयुष्यात त्याला ठळक फरक आढळला नाही. प्रवासासकट पाहुण्यांच्या घराचा खर्च मात्र कितीतरी पट होता. जाऊन आलेल्यांनी आपण बदललो, आता जास्त दान देतो, असं सांगितलं. देणग्यांच्या नोंदी पाहिल्या तर त्या सांगण्याला साजेशी वाढ त्यांत नव्हती. अमेरिकेचा निष्कर्ष आपल्याला जसाच्या तसा लागू करू नये, हे मान्य. पण हळवेपणातून सेवा आपोआप उगवते या समजुतीला त्यानं तडा दिला आहे. शिवाय त्या वृद्धाश्रमातल्या आजींचा विचार कोणी करायचा? डिसेंबरात सहा गट येतात आणि जुलैच्या पावसात एकही फिरकत नाही. मुलांना अनुभव मिळावा म्हणून वापरलं जाणं त्यांना कळत नसेल, असं समजू नये.

याच्या जागी काय, हे सांगायला उपदेशाची गरज नाही, तपशिलाची आहे. दरवर्षी नोव्हेंबरमध्ये सरकारी निवृत्तिवेतन घेणाऱ्याला हयातीचा दाखला द्यावा लागतो. बोटांचे ठसे पुसट झालेले असतात, आधारला जोडलेला मोबाईल नंबर जुना असतो, मुलगा परदेशी असतो. दोन तरुणांनी अशा एका घराची जबाबदारी वर्षभरासाठी घ्यायची. नोव्हेंबरात दाखला, दर महिन्याला औषधं, वीजबिल आणि तासभर गप्पा. घर कोणतं, हे मंडळानं स्वतः फिरून ठरवायचं. खर्चाला ठरावीक रक्कम, तिची वही त्यांच्याकडे, तपासणी अर्थसमितीकडे. जोसेफ कार्डाइन यांनी १९२५च्या सुमारास बेल्जियममधल्या तरुण कामगारांना दिलेली पाहा, पारखा, करा ही रीत म्हणजे हेच, आणि १९६१ साली पोप जॉन तेविसावे यांनी तिला विश्वपत्रात स्थान दिलं. यातली मधली पायरी आपण हमखास गाळतो. भेटीनंतर शुभवर्तमान उघडून, पाहिलं त्याचा अर्थ काय, असं अर्धा तास बसून विचारणं कार्यक्रमपत्रिकेत नसतंच. वयाचाही प्रश्न आहे. २०१८च्या रोममधल्या धर्मसभेनं तरुण म्हणजे सोळा ते एकोणतीस असं धरलं. अकरावीतली मुलगी आणि लग्न ठरलेला इंजिनिअर यांना एकाच सतरंजीवर बसवून चालत नाही. अठरा वर्षांखालचे सगळे २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार बालक आहेत. म्हणून पालकांची लेखी संमती हवी, कोणत्याही घरी एकट्या मुलानं किंवा एकट्या मोठ्या माणसानं जायचं नाही, आणि तक्रार कोणाकडे करायची ते नाव फळ्यावर लिहिलेलं हवं. ही कटकट वाटते त्यांनी युवाकार्यात पडू नये.

आक्षेप मला पाठ आहेत. मुलांना वेळ नाही, दहावी-बारावी आहे, क्लास आहेत, नोकरीचे दोन-तीन तास लोकलमध्ये जातात. खरं आहे, पण या कामाला लागणारा पंधरवड्याला दोन तास हा वेळ कॅरल स्पर्धेच्या तालमींपेक्षा कमी आहे. मुलं पैशांत चुका करतील? करतील. हिशेबाची वही ही चूक दिसावी आणि दुरुस्त व्हावी यासाठीच असते, आणि मोठ्यांच्या समित्याही तिच्याशिवाय चालत नाहीत. चर्चची समाजसेवी संस्था होईल, ही भीती जास्त गंभीर आहे. ख्रिस्ताची साक्ष सुटली तर तेवढंच उरेल, असा इशारा पोप फ्रान्सिस यांनी मार्च २०१३ मधल्या पहिल्याच प्रवचनात दिला होता. पण त्यावरचा उपाय सेवा आखडती घेणं हा नव्हे, वर सांगितलेला तो गाळलेला अर्धा तास परत आणणं हा आहे.

आणि धर्मांतराची शंका घेणाऱ्या वाचकांना सरळ सांगतो. आजींच्या औषधाबरोबर अट गेली तर ती सेवा राहत नाही, सौदा होतो. दानधर्म हे दुसरं काही साधण्याचं साधन नव्हे, असं पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५च्या पहिल्याच विश्वपत्रात निःसंदिग्धपणे लिहिलं आहे. आमचा तरुण कोणत्या घरी जातो आणि काय नेतो, हे त्याच्या वहीत लिहिलेलं असावं आणि ती वही कोणालाही पाहता यावी, हा माझा आग्रह याही कारणासाठी आहे.

फादर, पाळकसाहेब आणि समित्यांवर बसलेली वडीलधारी मंडळी यांना एकच विनंती. पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक मांडाल तेव्हा युवा मंडळाच्या नावावर सजावटीचा खर्च सोडून एक रक्कम ठेवा, ती कशी वापरायची हे त्यांनाच ठरवू द्या, आणि अर्थसमितीत पंचविशीच्या आतले दोन जण घ्या, त्यातली एक मुलगी असू द्या.