लेक फोर्कवर, एप्रिलमध्ये

पूर्व टेक्सासमधला हा जलाशय. पाण्यात वाळकी झाडं अजून उभी आहेत. लार्जमाउथ बास मासा त्यांच्याच आडोशाला राहतो. तिथे उघडा गळ टाकला तर फांदीफांदीला अडकणार. म्हणून टेक्सास रिग: पुढे गोळीच्या आकाराचं शिसं, मागे प्लास्टिकचा किडा, गळाचं टोक किड्याच्याच अंगात दडवलेलं. फांद्यांवरून ते सरकत खाली जातं. हे ज्याने शोधलं त्याला माझा नमस्कार.

मला आवडतो तो बुडण्याचा वेळ. बास पुष्कळदा तेव्हाच तोंड घालतो. हाताला कळण्याआधी दोरी बाजूला सरकताना दिसते. मग झटका जोरातच हवा, कारण टोकाला आधी प्लास्टिक भेदायचं असतं.

आज पोटुशी मादी लागली, 18 इंचांची. इथे 16 ते 24 इंचांमधला बास परत सोडावाच लागतो. नियम नसता तरी मी सोडला असता. (जॉर्ज पेरीने 1932 मध्ये जॉर्जियात पकडलेला 22 पौंड 4 औंसांचा विक्रमी बास घरच्यांनी खाल्ला, ते मंदीचे दिवस होते.)

उथळ पाण्यात घरटी स्पष्ट दिसत होती. अंडी घालून मादी निघून जाते, नर राखण करतो. जवळ येईल त्यावर तो झडप घालतो, भुकेने नव्हे, पिल्लांसाठी. त्याला उचललं की ब्लूगिल मासे अंड्यांवर तुटून पडतात. तिथे गळ टाकणं मला पटत नाही. नाव मी खोल पाण्याकडे वळवली.