नाव आणि आवाज

श्रुतिका आणि नभोनाट्य या संज्ञा पदव्युत्तर वर्गात आपण बहुधा एका श्वासात उच्चारतो आणि पुढे जातो. वास्तविक ‘नभोनाट्य’ या संज्ञेत माध्यमाचा निर्देश आहे, ‘श्रुतिका’ या संज्ञेत ग्रहणाचा. जे नभोवाणीवाचून महाजालावरून थेट श्रोत्याच्या कानी पडते, त्याला यांपैकी दुसरीच संज्ञा शोभते. येथे ज्या दोन श्रुतिकांविषयी लिहावयाचे आहे, त्यांतील पहिली तर नभोवाणीनेच नाकारलेली होती.

‘डॉक्टर हू’ ही बी.बी.सी.ची विज्ञानकल्पित मालिका १९६३ साली सुरू झाली आणि १९८९ मध्ये थांबली. काळातून प्रवास करणारा तिचा नायक मरणाच्या उंबरठ्यावर नवे शरीर धारण करतो. नट बदलण्याची व्यावहारिक निकड अशा रीतीने कथेचाच नियम बनली. १९९६ सालचा एक दूरचित्रपट वगळता २००५ पर्यंत पडदा रिकामा होता. या रिकाम्या काळात ‘डेथ कम्स टू टाइम’ ही पाच भागांची श्रुतिका सिद्ध झाली. रेडिओ फोरसाठी केलेला तिचा पहिला भाग तेथे स्वीकारला गेला नाही. बी.बी.सी.च्याच संकेतस्थळावरून तो जुलै २००१ मध्ये ऐकवला गेला आणि उर्वरित भाग २००२ मध्ये आले. सोबत काही रेखाचित्रे होती. मी ती मिटल्या डोळ्यांनीच ‘पाहिली’ आणि काही गमावल्यासारखे वाटले नाही. भरताच्या चार अभिनयप्रकारांपैकी येथे वाचिक तेवढा उरतो, आणि सात्त्विकालाही त्याच्याच आश्रयाने राहावे लागते.

या श्रुतिकेत सातवा डॉक्टर मरतो. सिल्वेस्टर मॅकॉय यांच्या आवाजातील हा डॉक्टर टॅनिस या जुलमी सत्ताधीशाला थोपवण्यासाठी, काळाच्या स्वामींनी कधीही वापरू नये अशी शक्ती वापरतो आणि तीत स्वतःही संपतो. नवे शरीर नाही, पुढचा नट नाही. अडचण अशी, की हाच डॉक्टर १९९६ च्या दूरचित्रपटात, याच नटाच्या रूपात, सॅन फ्रान्सिस्कोतील शस्त्रक्रियेच्या टेबलावर आधीच मरून आठवा डॉक्टर झालेला आहे. एका पात्राचे दोन मृत्यू आहेत आणि ते परस्परांना रद्द करतात. मालिकेच्या अनेक चाहत्यांनी श्रुतिकेला प्रमाणबाह्य ठरवून प्रश्न मिटवला. पडद्यावरचे खरे आणि कानावरचे प्रक्षिप्त, असा हा न्याय.

प्रबंधाच्या निमित्ताने माझी काही वर्षे पोथ्यांच्या पाठभेदांत गेली असल्यामुळे हा न्याय मला फार घाईचा वाटतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली; त्याहून जुनी म्हणून राजवाड्यांनी १९०९ साली वेगळी प्रत छापली; दोहोंचा वाद अभ्यासकांना आजही खाद्य पुरवतो. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत जे श्लोक मूळ संहितेतून वगळले, तेही तळाशी वा परिशिष्टात जपलेले आहेत. वगळलेल्या पाठालाही पानावर जागा असते, हा पाठचिकित्सेचा संस्कार आहे. डॉक्टरचा दुसरा मृत्यू ‘घडला नाही’ असे म्हणणाऱ्यापाशी तो नाही. शिवाय शोकांत म्हणून पाहिले तर श्रुतिकेतील मृत्यूच अधिक समर्थ आहे: तेथे नायक निवड करून मरतो, दूरचित्रपटात रस्त्यावरच्या टोळीयुद्धातील गोळ्या लागून.

तथापि पोथीची उपमा एका जागी थिटी पडते. पोथीला मालक नसतो. या श्रुतिकेत ‘मिनिस्टर ऑफ चान्स’ नावाचा आणखी एक काळाचा स्वामी आहे. तोही निषिद्ध शक्ती वापरतो आणि ती गमावतो. त्याला आवाज दिला होता स्टीफन फ्राय यांनी. पुढे श्रुतिकेचे दिग्दर्शक डॅन फ्रीमन यांनी या पात्राला नायक करून त्याच नावाची स्वतंत्र श्रुतिका रचली. ती २०११ पासून महाजालावर भागशः आली आणि तिच्या निर्मितीला श्रोत्यांच्या वर्गणीचा हातभार लागला. डॉक्टर बी.बी.सी.चा, मिनिस्टर तसा नव्हे. त्यामुळे नव्या कृतीत डॉक्टरचे नाव नाही, त्याची निळी पेटी नाही. आंतरसंहितात्मकतेविषयी आपण वर्गात जे बोलतो त्यात सगळ्या संहिता एकमेकींकडे मोकळेपणाने ये-जा करताना दिसतात. येथे मात्र त्यांच्यामध्ये एक जकातनाका आहे. फूको ज्याला लेखकाचे कार्य म्हणतो त्यातील स्वामित्वहक्काचा भाग आपण एरवी तळटीपेत ढकलतो. येथे तो कथावस्तूत छिद्र पाडून बसला आहे.

या छिद्रातून आवाज मात्र आत येतात. नव्या श्रुतिकेत मॅकॉय आहेत, पण ‘विच प्राइम’ म्हणून. आठवे डॉक्टर पॉल मॅकगन आहेत, पण सेझुआनचा राजदूत ड्युरियन म्हणून. ज्या टांटो देशावर सेझुआन आक्रमण करते, तेथे विज्ञानालाच बंदी घातली जाते. उलट ज्याचे नाव कायम राहिले त्या मिनिस्टरचा आवाज बदलला. फ्राय यांच्या जागी ज्युलियन वॉडहॅम आले. नाव टिकले तेथे आवाज गेला, आणि आवाज टिकला तेथे नाव गेले. श्रुतिकेत आवाज हाच देह असल्यामुळे ही अदलाबदल साधी पात्रयोजना राहत नाही. मालिका ओळखणाऱ्या श्रोत्याला ड्युरियनच्या सौजन्यात डॉक्टर ऐकू येतो आणि म्हणूनच त्याचे क्रौर्य अधिक बोचते. कायद्याला नाव अडवता येते. ओळखीचा स्वर अडवता येत नाही.

एम.ए.च्या वर्गात मी हे मांडले तेव्हा एका विद्यार्थ्याने रास्त शंका काढली, की ही स्मृती संहितेची की श्रोत्याची? मी दोघांची म्हटले. त्याचे समाधान झाले नाही, आणि होऊही नये. त्याच वर्गातील एका विद्यार्थिनीने मालिकेचा एकही भाग पाहिलेला नव्हता. तिने ड्युरियनवर लिहिलेल्या निबंधात डॉक्टरचा उल्लेखच नाही. त्याच्या बोलण्यातील विराम, वाक्याअखेर खाली उतरणारा सूर, समोरच्याचे म्हणणे पुरे होऊ देण्याची त्याची सवय, एवढ्यावरून तिने सत्तेच्या भाषेचे जे विश्लेषण केले, ते मी माझ्या टाचणांत उतरवून घेतले आहे.