वडाला पाय फुटले तर

पवित्र शास्त्रात दोन ठिकाणी चालती झाडे भेटतात. शास्ते ग्रंथाच्या नवव्या अध्यायात, योथामाच्या दृष्टान्तात, ती स्वतःसाठी राजा शोधायला निघतात. संत मार्कच्या शुभवर्तमानात बेथसैदाचा आंधळा, दृष्टी अर्धीच परतलेली असताना, माणसे पाहतो आणि त्याला ती चालत्या झाडांसारखी भासतात. सेमिनरीत या उताऱ्यावर आम्ही चांगले दोन तास व्याख्यान ऐकले होते. झाडांविषयी त्यात अवाक्षर नव्हते.

इंग्रजी साहित्यात चालत्या झाडाला कायमचे घर मिळवून दिले ते जे. आर. आर. टॉल्किन यांनी. वडील लहानपणीच वारले. आईने १९०० साली कॅथलिक श्रद्धा स्वीकारली आणि १९०४ साली तीही गेली. मग बर्मिंगहॅमच्या ऑरेटरीतील फादर फ्रान्सिस मॉर्गन यांनी त्या दोघा भावंडांचे पालकत्व सांभाळले. शाळेत ‘मॅकबेथ’ वाचताना हा मुलगा फार हिरमुसला होता. बर्नामचे रान चालून येणार म्हणून तो आशेने वाट पाहत होता, आणि आले ते हातांत फांद्या धरलेले शिपाई! पुढे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या १९५४ साली निघालेल्या दुसऱ्या खंडात त्यांनी खरोखरीच रान चालवले. त्यांच्या वृक्षमानवांचे नाव एंट. जुन्या इंग्रजीत हा शब्द महाकाय पुरुषासाठी होता.

त्या एंटांचे दूरचे नातलग आज टेबलावर उभे असतात. नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप या कंपनीचा वॉरहॅमर हा सैन्यांचा खेळ १९८३ साली निघाला. त्यात वृक्षमानवांचेही सैन्य असते. प्लॅस्टिकचे सुटे भाग चौकटीत जोडलेले मिळतात. ते कापायचे, तासायचे, चिकटवायचे आणि रंगवायचे. खेळणारे खेळतात, पण कित्येकांचा जीव खेळापेक्षा या घडवण्यातच अधिक गुंततो.

२०२३ साली ऑगस्ट-सप्टेंबरचे सात आठवडे आम्ही इंग्लंडच्या मध्यभागातील एका धर्मग्रामात, तेथील धर्मगुरूंच्या गैरहजेरीत, सेवेस होतो. वसईचे एक कुटुंब तेथे वीस वर्षांपासून राहते. आई रुग्णालयात परिचारिका, वडील बसचालक, मुलगा सोळा वर्षांचा. मिस्सानंतर त्या माउलीने आम्हांस बाजूला घेतले. “फादर, एकदा घरी या आणि ह्याचं कपाट बघा. राक्षस भरून ठेवलेत. असलं घरात ठेवावं का?”

आम्ही गेलो. कपाटात राक्षस होतेच, पण बहुतेक झाडांचे. अर्ध्या वितीएवढा एकेक पुरुष, मुळांचे पाय, खोडाची छाती, ढोलीसारखे तोंड. ज्याच्यापुढे कोणी गुडघे टेकत नाही आणि ज्याच्याजवळ कोणी काही मागत नाही, त्याला मूर्ती समजून भिण्याचे कारण नाही, असे आम्ही आईस सांगितले. शिवाय नाताळच्या गोठ्यासाठी आपणही डोंगर रचतो आणि नाचणी पेरून शेत उगवतो. नेपल्सचे कारागीर तर गोठ्याचे खडक बुचाच्या झाडाच्या सालीचे करतात. लहान आकारात सृष्टी उभी करण्याची हौस आपल्याला परकी नाही. आईचे समाधान झाले की नाही, सांगता येत नाही. ती चहा ठेवायला गेली.

मुलगा मात्र बोलू लागला. आम्हांस वाटले होते, कल्पनेतला प्राणी म्हणजे वाटेल तसा करावा. त्याचे म्हणणे नेमके उलट होते. चालणारे झाड कोणी पाहिलेले नाही, म्हणून त्याचे पान तरी खरे दिसले पाहिजे. पान खोटे दिसले की सगळेच खोटे. बाजारात मिळणारा हिरवा स्पंजाचा भुगा त्याला नापसंत होता. त्याने बर्चचे, म्हणजे आपल्या भूर्जाच्या कुळातल्या झाडाचे, वाळलेले तुरे आणले होते. तुरा तळहातावर चोळला की दोन वस्तू सुट्या होतात: चिमुकल्या पंखांचे बी आणि तीन टोकांचा खवला. चहाच्या गाळणीतून बी गाळून टाकायचे आणि खवले ठेवायचे. खवला जेमतेम तीन मिलिमीटरचा. त्या बाहुल्यांच्या जगात सहा फुटी माणूस सुमारे तीन सेंटिमीटरचा असतो, म्हणजे प्रमाण साठास एक. तेव्हा हा खवला मेपलच्या अठरा सेंटिमीटरच्या पानासारखा हुबेहूब दिसतो. निसर्गानेच कापून ठेवलेले पान!

मग ती पाने लावायची कोठे? खोडावर नव्हे. पान डहाळीच्या टोकाला, उजेडाकडे तोंड करून असते; झाडाच्या पोटात अंधार आणि काटक्या. म्हणून खांद्यांवर, पाठीवर, माथ्यावर दाट पाने आणि काखेत एकही नाही, कारण चालताना हात घासून तेथली पाने गळून गेली असती! साल तपकिरी नसते, करडी असते. तो आधी काळपट रंग देऊन वर कोरड्या कुंचल्याने फिका करडा घाशी, म्हणजे खाचांत काळोख राहतो. फांदीची गाठ निळी व पिवळी पुट्टी समभाग मळून करायची. ती हिरवी होते आणि घट्ट होण्यापूर्वी सुईने सालीच्या रेषा ओढाव्या लागतात. पायांशी वाळलेला चहाचा चोथा म्हणजे पाचोळा. हे सर्व तो एखाद्या जुन्या सुताराच्या गांभीर्याने सांगत होता. शाळेत हाच मुलगा तोंड उघडत नाही, असे आईने आम्हांस मागाहून सांगितले.

टेबलावर एक अर्धवट काम होते. तो वड होता. वसईला आजोबांच्या वाडीच्या तोंडाशी वड होता; मुलाने तो पाच वर्षांचा असताना एकदाच पाहिला. पुढे वाडी विकली गेली आणि वडही गेला. बर्चचे खवले येथे उपयोगाचे नव्हते, कारण वडाचे पान अखंड, लंबगोल. ती पाने तो एका बारीक नळीदार ठशाने वाळक्या पानांतून पाडीत असे, अडीच मिलिमीटरची. आम्हांस त्याने विचारले, “फादर, वडाचं पान खालून कसं असतं?” आम्ही सांगितले: वरून गडद आणि तुकतुकीत, खालून फिके, शिरा उठावदार, कोवळी पाने तांबूस. तो लिहून घेत होता.

पारंब्या त्याने काथ्याच्या केल्या होत्या. फुलांच्या टांगत्या टोपल्यांत काथ्याचे अस्तर असते, ते उसवून, पातळ डिंकात बुडवून ताणून वाळवायचे. आता खरी अडचण होती. पारंबी जमिनीला टेकली की रुजते आणि तिचे खोड होते. मग वड चालू लागला, तर रुजलेल्या पारंब्यांचे काय?

“तोडाव्या लागतील,” मुलगा म्हणाला. त्याने तशाच केल्या होत्या. कमरेपासून दोन जाड पारंब्या मागे ओढल्या जात होत्या; टोके तुटलेली, तुटल्या जागी आतले ओले, फिके लाकूड रंगवलेले. एक पारंबी मात्र अखंड ठेवून खालच्या पाटावर रुजवली होती. खेळात असला नाजूक भाग पहिल्याच डावात मोडेल, हे त्याला ठाऊक होते. हा खेळायचा नाही, असे तो म्हणाला.

वडील इतका वेळ दारात उभे होते. ते पुढे आले, वड हातात घेतला, उजेडात फिरवला. बराच वेळ काही बोलले नाहीत. आम्हीही बोललो नाही. अशा वेळी धर्मगुरूने उपदेश करू नये, एवढे तीस वर्षांत कळले आहे. शेवटी ते मराठीत म्हणाले, “फळं राहिली रे. लाल असतात. जोडीजोडीनं, पानाच्या बेचक्यात.”

आईने स्वयंपाकघरातून खसखस आणली. मुलाने एक दाणा चिमट्यात धरला आणि हिशोब केला: एक मिलिमीटर, साठपट केले तर सहा सेंटिमीटर, म्हणजे पेरूएवढे फळ. चालणार नाही. मग त्याने टाचणीचे टोक तांबड्या रंगात बुडवले. वडील भिंगातून पाहून जागा दाखवू लागले, आणि तो एकेका बेचक्यात दोन-दोन ठिपके ठेवू लागला.