येलदरीच्या काठावर एक रविवार

"पाखरं बघायला एवढ्या लांब? ती तर दारातल्या लिंबावरही बसतात!" असे आमच्या सौ. म्हणाल्या. तरीही जानेवारीतील एका रविवारी वस्तीतील आठ मुलांना घेऊन आम्ही पहाटेच्या एस.टी.ने जिंतूर गाठले व तेथून येलदरीला गेलो.

पूर्णा नदीवरील हे धरण १९६८ साली पूर्ण झाले. हिवाळ्यात त्याच्या काठी दूरदेशीचे पक्षी उतरतात. दुर्बीण एकच, तीही मागून आणलेली. मुलांनी पाळी लावली. उथळ पाण्यात नारिंगी चक्रवाक दिसले. पलीकडे पट्टकदंब हंसांचा थवा होता. त्यांच्या पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात. रात्री ते हरभऱ्या-गव्हाच्या रानात चरतात, दिवसा पाण्याकाठी विसावतात.

मी सांगितले, "हे तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात. तिकडे बर्फ पडला की चारा मिळत नाही. दिवाळीच्या सुमारास येतात, उन्हाळा लागला की परत जातात."

एक मुलगा दुर्बीण सोडेना. त्याचे आईवडील ऊसतोडीला गेलेले. तो आजीजवळ राहून शाळा शिकतो. हळूच म्हणाला, "काका, म्हणजे हे गेले की माझी आई येणार?"

मला चटकन उत्तर सुचले नाही. मग म्हणालो, "होय रे, त्याच सुमारास."

परतताना त्याने वहीत हंसांची संख्या लिहिली : त्रेचाळीस. मार्चमध्ये पुन्हा मोजायला न्या, असे त्याने बजावले आहे. वाचकहो, आपणही मुलांना न्या. दगड मारू देऊ नका, मोजायला शिकवा.