व्हिडिओवरची फिजिओथेरपी

चि. भाचीस,


गुडघ्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया पुण्या-मुंबईत होते आणि काही दिवसांतच रुग्ण गावी परततो. खरे काम त्यानंतर सुरू होते. गुडघा पूर्ण सरळ होणे, नव्वद अंशांच्या पुढे वाकणे आणि मांडीच्या पुढच्या स्नायूत ताकद परत येणे, हे बरेचसे पहिल्या सहा-आठ आठवड्यांतल्या रोजच्या व्यायामावर ठरते. नेमक्या याच काळात कोकणातल्या किंवा मराठवाड्यातल्या आडगावी फिजिओथेरपिस्ट हाताशी नसतो, आणि दुखऱ्या पायाने एसटीची पायरी चढणे बहुतेकांना झेपत नाही. व्हिडिओ कॉलचा सर्वांत जास्त उपयोग अशा रुग्णाला होतो. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात २०५ रुग्णांवर झालेली एक चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. गुडघा बदललेल्यांना व्हिडिओवरून दिलेले उपचार, थेरपिस्टने घरी येऊन दिलेल्या उपचारांपेक्षा कमी पडत नाहीत, असे तिच्यात दिसले. मात्र तिथे रुग्णाच्या घरी साधने तंत्रज्ञांनी बसवून दिली होती. गावच्या घरात ही मांडामांड थेरपिस्टलाच सांगून करून घ्यावी लागते.

म्हणून पहिला कॉल व्यायामाचा नसावा, तयारीचा असावा. मोबाइल आडवा धरून स्टुलावर, एखाद्या जड डब्याला टेकवून ठेवायचा. उंची साधारण गुडघ्याइतकी, अंतर दोन ते तीन मीटर. खिडकी रुग्णाच्या पाठीमागे असेल तर पडद्यावर नुसती काळी आकृती दिसते, म्हणून उजेड समोरून किंवा बाजूने यायला हवा. साडीत गुडघा दिसत नाही. सैल गाऊन किंवा गुडघ्यापर्यंतची पँट आधी सांगून ठेवावी. दोन्हीकडच्या खोल्यांत आणखी कोण आहे, हे एकमेकांना सांगायला हवे. रुग्णाचा पूर्ण पत्ता, शेजाऱ्याचा फोन आणि जवळच्या रुग्णालयाचे नाव कॉल सुरू होण्याआधी वहीत उतरवलेले असावे, कारण रुग्ण पडला तर थेरपिस्ट शंभर कोस दूर असतो.

थेरपिस्टजवळ इथे डोळे आहेत, हात नाहीत. हात घरच्या माणसाचे. सून, मुलगा, नातू, जो रोज त्या वेळी घरी असेल त्यालाच शिकवायचे. शेतीच्या घरात ही वेळ धारा काढून झाल्यावर आणि रानात निघण्याआधी सापडते. थेरपिस्टने आपले वेळापत्रक तिच्याभोवती लावावे. घरच्या माणसाला मोजकीच कामे द्यावीत. टाचेखाली काही न ठेवता रुग्णाला पाय लांब करून सपाट झोपवायचे आणि गुडघ्यामागे तळहात सरकवायचा. तो सहज आरपार जात असेल तर गुडघा अजून सरळ झालेला नाही. हाताच्या पाठीने दोन्ही गुडघ्यांची ऊब ताडून पाहायची. शिंप्याच्या टेपने वाटीच्या मध्यावर घेर मोजायचा आणि जिथे मोजला तिथे पेनाची खूण ठेवायची, नाहीतर पुढच्या वेळी टेप दोन बोटे वर बसते आणि सूज वाढल्याचा भास होतो. वाकण्याचा कोन पडद्यावर पाहताना कॅमेरा बरोबर बाजूला हवा. थोडा जरी तिरका असला तरी कोन चुकीचा दिसतो. ताकदीसाठी तीस सेकंदांत खुर्चीवरून हात न टेकता किती वेळा उठता येते, ही चाचणी चांगली. खुर्ची भिंतीला टेकवलेली आणि दर वेळी तीच असावी. हलकी प्लास्टिकची खुर्ची मागे सरकते, तिच्यावर ही चाचणी घेऊच नये.

सूचना देताना उजवा-डावा म्हणू नये. पडद्यावर स्वतःला आरशासारखे पाहून रुग्ण गोंधळतो. 'ऑपरेशनचा पाय' म्हटले की प्रश्न मिटतो. आवाज उशिरा पोचतो, म्हणून आकडे थेरपिस्टने मोजण्याऐवजी रुग्णाने मोठ्याने मोजावेत. त्यामुळे श्वासही कोंडला जात नाही, आणि रक्तदाब असलेल्यांसाठी ते महत्त्वाचे आहे. रेंज गेली तर जागेवर बसायचे आणि थेरपिस्टच्या साध्या फोनची वाट पाहायची, हा नियम पहिल्या दिवशीच ठरवून टाकावा.

या पद्धतीची एक बाजू मात्र दवाखान्यात कधीच मिळत नाही. घर दिसते. फोन हातात घेऊन घरच्या माणसाला एक फेरी मारायला सांगितले की खाटेची उंची कळते, उंबरा दिसतो, मोरीतली ओली फरशी आणि परसातल्या संडासाची वाट दिसते. गुडघ्याखाली मायेने ठेवलेली उशीही दिसते. तिच्यावर आराम वाटतो, पण पाय वाकलेलाच राहतो; ती त्याच कॉलमध्ये काढायला लावावी. भाची, व्यायामाची दहा मिनिटे कमी झाली तरी चालतील, ही फेरी चुकवू नये.

काही गोष्टी पडद्यावर सोडवायच्याच नसतात. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर शिरेत गुठळी झाल्याचा संशय घ्यावा. नडगीच्या वरच्या उंचवट्याखाली दहा सेंटिमीटरवर दोन्ही पोटऱ्या मोजाव्यात. तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायला हवा; फरक कमी भरला म्हणून संशय सोडू नये. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखले तर कॉल चालू ठेवून १०८ ला फोन करायला लावावा. जखमेतून स्राव, ताप, वाढत जाणारी लाली यांसाठी सर्जन. तोल जाणारा रुग्ण घरी एकटा असेल तर त्या दिवशी उभ्याचे व्यायाम नाहीत.

कागदोपत्री बाब थोडक्यात. केंद्र सरकारची २५ मार्च २०२० ची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे नोंदणीकृत डॉक्टरांसाठी लिहिलेली आहेत. तरी ओळख पटवणे, संमती घेणे आणि प्रत्येक कॉलची नोंद ठेवणे, हा त्यांतला क्रम फिजिओथेरपिस्टनेही पाळावा. रुग्णाला विचारल्याशिवाय चित्रण करू नये, आणि घेतलेला फोटो घरच्यांच्या गटावरून फिरू देऊ नये.

मापे दर आठवड्याला त्याच कोष्टकात लिहावीत आणि सर्जनला पाठवावीत. सहा आठवडे झाले तरी गुडघा नव्वद अंशांच्या आतच अडकला असेल तर आणखी कॉल लावत बसू नये. रुग्णाला प्रत्यक्ष तपासणीला पाठवावे. भूल देऊन गुडघा वाकवायची वेळ आलीच, तर तो निर्णय साधारण बारा आठवड्यांच्या आत झालेला चांगला.

तुझी,
मावशी