खुर्जा : कपबशांचे गाव

दिल्लीहून अलीगढकडे जाणाऱ्या जी. टी. रोडने निघाले की, सुमारे 85 किलोमीटरवर खुर्जा लागते. बुलंदशहर जिल्ह्यातले हे गाव. लांबून प्रथम दिसतात त्या विटांच्या जुन्या धुराड्या. मग रस्त्याच्या कडेने दुकाने सुरू होतात आणि नजर ठरत नाही. फळ्यांवर कप, जमिनीवर बरण्या, पायऱ्यांवर कुंड्या, दारात एकावर एक रचलेल्या बश्या. आपल्याकडे आजीच्या माजघरात लोणच्याची जी चिनीमातीची बरणी असायची, तशा बरण्याही इथे घडतात आणि विजेच्या तारांना लागणारे इन्सुलेटरही. पण देशभरातून माणसे इथे येतात ती मुख्यतः कपबश्या घ्यायला.

हिवाळ्यातल्या एका रविवारी अशाच एका दुकानात दिल्लीत राहणारे एक मराठी कुटुंब शिरले. नवरा, बायको आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. पुढच्या महिन्यात मुलीच्या लग्नाची बोलणी करायला पाहुणे येणार होते. घरात सेट नव्हता असे नाही. लग्नात आलेला सोनेरी काठाचा सेट वीस वर्षे काचेच्या कपाटात होता. तो वर्षातून दोनदा बाहेर यायचा, धुतला जायचा आणि पुन्हा आत जायचा. दोन वर्षांपूर्वी पाहुण्यांसमोर त्यातला एक कप सासूबाईंच्या हातून निसटला. त्यांना कोणी काही बोलले नाही. पण तेव्हापासून घरी कोणी आले की, ‘मला नको गं चहा, मी मघाशीच घेतला’ असे म्हणून त्या स्वयंपाकघरातच थांबू लागल्या आणि मागाहून एकट्याच स्टीलच्या पेल्यातून चहा घेऊ लागल्या. सुनेच्या हे लक्षात आले होते. खुर्ज्याला येताना ‘आई, तुम्हीही चला’ असा तिने आग्रह धरला, तो त्यासाठीच.

मातीपासून कपापर्यंत

खुर्ज्याच्या या धंद्याची मुळे तैमूरलंगाच्या स्वारीपर्यंत नेणारी एक दंतकथा इथे सांगितली जाते. त्याच्या सैन्याबरोबर आलेले काही कुंभार मागे राहिले आणि त्यांनी झिलईच्या भांड्यांची कला इथे रुजवली, अशी ती कथा. दंतकथा बाजूला ठेवली तरी लाल मातीच्या झिलईदार भांड्यांची परंपरा इथे जुनी आहे. पांढऱ्या क्रोकरीचे वळण मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लागले. इस्पितळांना लागणारी भांडी बनवण्यासाठी सरकारने त्या वेळी इथे कारखाना काढला. पुढे त्यातूनच प्रशिक्षण आणि सामायिक सोयी मिळाल्या आणि लहान लहान कारखाने उभे राहिले. आज केंद्रीय काच आणि सिरॅमिक संशोधन संस्थेचे एक केंद्र गावात आहे. खुर्ज्याच्या भांड्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले आहे, आणि उत्तर प्रदेश सरकारच्या 2018 मधल्या ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेत बुलंदशहर जिल्ह्यासाठी हीच भांडी निवडली गेली.

गंमत अशी की, चिनीमातीसाठी लागणारा माल गावचा नाही. पांढरी माती, फेल्डस्पार, गारगोटीची पूड हे सारे प्रामुख्याने राजस्थान आणि गुजरातकडून येते. हा माल पाण्याबरोबर दळतात, गाळतात, दाबून पाणी काढतात आणि कणकेसारखा गोळा करतात. कप फिरत्या साच्यावर आकार घेतो. किटलीसारखी वेडीवाकडी वस्तू मात्र प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या साच्यात पातळ चिखल ओतून करतात. साचा पाणी शोषून घेतो आणि आत भिंत धरते. कपाचा कान वेगळा घडवून त्याच पातळ मातीने चिकटवतात. हे काम हातानेच होते. पुष्कळ ठिकाणी बायका रांगेत बसून दिवसभर कान लावत असतात.

मग रंगकाम. खुर्ज्याची निळी फुले प्रसिद्ध आहेत. पण कोबाल्टचा हा रंग लावताना निळा दिसत नाही, काळपट दिसतो. त्यावर झिलईचे पांढरे पाणी चढले की, फुले चुन्याने सारवल्यासारखी नाहीशी होतात. भट्टीत 1200 अंशांच्या आसपास तापल्यावर झिलई वितळून काचेसारखी होते आणि आतून निळे फूल उमलून वर येते. या साऱ्या प्रवासात कप साधारण दहाव्या हिश्शाने आकसतो. म्हणून एका भट्टीतले कप दुसऱ्या भट्टीतल्या कपांशी अगदी तंतोतंत जुळतीलच असे नाही.

कोळशाच्या जुन्या गोल भट्ट्या आता बव्हंशी थंडावल्या आहेत. त्यांची जागा तेल आणि गॅसवरच्या भट्ट्यांनी घेतली. धूर कमी झाला, पण इंधनाचा खर्च लहान कारखानदाराच्या छातीवर बसला. शिवाय गारगोटीची कोरडी धूळ फुप्फुसात गेली की, सिलिकोसिससारखा कायमचा आजार होऊ शकतो. धूळ ओली ठेवणे, ती शोषून घेणारी यंत्रे बसवणे आणि तोंडाला योग्य मास्क लावणे हे त्यावरचे उपाय. स्वस्त कप हाती घेताना त्यामागच्या श्वासाची किंमतही आठवावी.

सेट घेताना काय पाहाल?

दुकानदाराने सुरुवातीला नेहमीप्रमाणे पंधरा नगांचा सेट मांडला. सहा कप, सहा बश्या, किटली, दूधदाणी आणि साखरदाणी. दिसायला देखणा. पण आपल्या घरात चहा, साखर, दूध एकत्रच उकळते. दूधदाणी आणि साखरदाणी बहुतेक घरांत शोभेलाच उरतात. तेव्हा पहिला प्रश्न स्वतःला विचारावा, आपल्या घरी चहा होतो कसा आणि घेतला जातो कसा? रोजच्या वापराला सुटे कप आणि बश्या घेणे केव्हाही शहाणपणाचे. सहा हवे असतील तर आठ घ्यावेत. पुढे एखादा फुटला की, त्याच नमुन्याचा मिळेलच याची खात्री नसते.

दुसरी गोष्ट मापाची. चहाचा कप साधारण 150 मिलिलिटरचा पुरतो. कॉफीचा मग 250 ते 300 मिलिलिटरचा असतो. त्यात आपला घोटभर चहा ओतला तर तो तळाशी बसतो आणि पाहुण्याला कंजूषपणा वाटतो! पसरट तोंडाच्या कपात पेय लवकर निवते. कॉफी सावकाश घेणाऱ्यांनी उभट, अरुंद तोंडाचा मग घ्यावा. सहा जणांसाठी किटली हवी असेल तर सहा कपांचे 900 मिलिलिटर होतात, म्हणजे किटली लिटरभराची तरी असावी.

किटली पाणी भरूनच पाहावी. ओतणे थांबवल्यावर तोटीच्या खालून थेंब ओघळत असेल तर ती टेबलक्लॉथ रोज खराब करणार. तोटीचे टोक भरलेल्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली नसावे. तिरपी केल्यावर झाकण पडता कामा नये.

कप टिचकी मारून पाहावा. चांगला भाजलेला कप खणखणीत वाजतो, तडा गेलेला बद्द वाजतो. सपाट फळीवर ठेवून तो डुलतो का ते बघावे. बुडाशी झिलई नसलेली कड असते. तिथे ओले बोट लावावे. पाणी चटकन शोषले गेले तर भाजणी कच्ची आहे. झिलईवर केसासारख्या बारीक रेघांचे जाळे दिसले तर तो कप घेऊ नये. त्या रेघांत चहाचे डाग आणि मळ बसतो.

बोन चायना की स्टोनवेअर?

बोन चायनाचा कप पातळ, हलका आणि तरी मजबूत असतो. उजेडासमोर धरला तर पलीकडच्या बोटांची सावली दिसते. मात्र नावाप्रमाणेच त्यात जनावरांच्या हाडांची राख असते. पारंपरिक पद्धतीत निम्म्याच्या आसपास. शाकाहारी घरांत हे चालत नसेल तर दुकानदाराला स्पष्ट विचारावे. पोर्सेलिन आणि स्टोनवेअरमध्ये अशी राख नसते. खुर्ज्याचा मोठा माल स्टोनवेअरचा. तो जाड आणि जड असतो, पण रोजची आदळआपट सोसतो. थंडीत आधी गरम पाण्याने विसळून घेतला की चहाही बराच वेळ गरम राहतो.

रंगाबाबत थोडे सावध असावे. झिलईखालची नक्षी बोटाला लागत नाही, ती सुरक्षित आणि टिकाऊ. झिलईवर चिकटवलेली नक्षी बोटाला किंचित उंच लागते आणि काही वर्षांत घासून फिकट होते. अशा भडक रंगांत शिसे किंवा कॅडमियम असण्याची शक्यता असते आणि लिंबाच्या चहासारखे आंबट पेय ते ओढून घेऊ शकते. म्हणून कपाची आतली बाजू आणि ओठ टेकतात ती कड साधीच असलेली बरी. सोनेरी काठाचा कप मायक्रोवेव्हमध्ये कधीही ठेवू नये.

कानाची परीक्षा

दुकानात हे सारे पाहून झाले. सुनेने एक नाजूक, पातळ कप पसंत केला होता. तिने तो सासूबाईंपुढे धरला.

“आई, जरा धरून बघा ना.”

“मी कशाला? तुला आवडला ना, झालं तर.”

“पण धरून तर बघा.”

सासूबाईंनी कप घेतला. सांधेदुखीने वाकडी झालेली बोटे त्या लहानशा कानात शिरेनात. त्यांनी दोन्ही हातांनी कप कसाबसा सावरून खाली ठेवला. दुकानदार वयस्क होता. काही न बोलता तो आत गेला आणि पांढऱ्यावर निळ्या वेलीचा एक कप घेऊन आला. जाडसर, बुडाला रुंद आणि कान एवढा मोठा की त्यात तीन बोटे सहज मावावीत.

“माताजी, याच्यात पाणी भरून उचला,” तो हिंदीत म्हणाला. “रिकामा कप तर कोणीही उचलतं.”

पाणी भरून सासूबाईंनी कप उचलला. एका हाताने. मग क्षणभर थांबून म्हणाल्या, “याला बशी आहे का गं? खोलगट हवी. मला बशीत ओतल्याशिवाय चहा प्यायल्यासारखं वाटत नाही.”

“आहे ना,” सून म्हणाली. “आणि हा पाहुण्यांसाठीही घेऊ या. तुम्ही आणि आम्ही वेगळ्या कपांत कशाला प्यायचं?”

नवऱ्याने सोनेरी काठाच्या सेटची आठवण काढली तेव्हा सून म्हणाली की, तोही आता कपाटाबाहेर काढायचा. फुटेल तेव्हा फुटेल.

आठ कप, आठ खोलगट बश्या आणि थेंब न गाळणारी एक किटली असा हिशेब झाला. कपबश्या गवतात नीट बांधून घेतल्या गेल्या. घरी नेल्यावर नवे कप लगेच उकळत्या पाण्याने भरू नयेत, आधी कोमट पाण्याने धुवावेत, एकात एक घालून रचू नयेत, मध्ये कागद ठेवावा, असे दुकानदाराने बजावले.

खुर्ज्याला जाताना

दिल्लीहून सकाळी निघाले तर एका दिवसात जाऊन येता येते. दिल्ली-हावडा मार्गावर खुर्जा जंक्शन आहे, पण स्थानकापासून गाव काही किलोमीटर दूर आहे, तेव्हा पुढे रिक्षा करावी लागते. बस आणि मोटारीने येणाऱ्यांना रस्ता सोपा. थंडीचे दिवस हिंडायला चांगले. कारखाना पाहायचा असेल तर कामाच्या दिवशी जावे आणि आधी परवानगी घ्यावी. दुसऱ्या प्रतीचा माल स्वस्त मिळतो, पण तो उजेडात नीट पारखून घ्यावा. गावची खुरचन मात्र चुकवू नये. दूध आटवताना कढईला धरलेली साय थरथर खरवडून केलेली ही मिठाई खुर्ज्याची खास ओळख आहे.

परतीच्या वाटेवर सासूबाई मागच्या सीटवर बसल्या होत्या. खोके डिकीत ठेवायला त्यांनी साफ नकार दिला होता. ते त्यांच्या मांडीवर होते. रस्त्यात खड्डा आला की त्या दोन्ही हातांनी ते धरत होत्या.

“पाहुणे कधी येणार म्हणालीस?” त्यांनी विचारले.

“पुढच्या महिन्यात, आई.”

“मग चहा मीच करीन. आलं घालून.”