दिवाणखान्यातील पोस्टकार्डे

घरातील वस्तूंचे ढोबळमानाने दोन वर्ग करता येतात. चष्मा, कवळी, काठी या एकेकाच्या वस्तू. झोपाळा, देवघर, पाण्याचा माठ या सर्वांच्या. या वाटणीत संगणक पहिल्या वर्गात पडतो आणि दूरचित्रवाणी संच दुसऱ्या. संगणकासमोर एकच मनुष्य बसतो व मागून कोणी डोकावले तर ते त्यास रुचत नाही. टीव्हीसमोर मात्र सारे घर बसते. ही दोन यंत्रे एका तारेने जोडली असता काय घडते, याचा अनुभव आम्ही गेले वर्षभर घेत आहो.

जोडणीची कल्पना नवी नाही. सप्टेंबर १९७३ च्या ‘रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकन मासिकात डॉन लँकेस्टर यांनी ‘टीव्ही टाइपरायटर’ नावाचे यंत्र मांडले. घरच्या टीव्हीवर ते १६ ओळी दाखवी आणि ओळीत ३२ अक्षरे. १९८२ साली ब्रिटनमध्ये निघालेला सिंक्लेअर कंपनीचा ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ हा संगणक तर टीव्हीच्या अँटेनाच्या जागीच जोडावयाचा असे. निराळा पडदा घेण्याचा खर्च वाचे. त्यात एका अक्षरास आडवे ८ व उभे ८ ठिपके मिळत. रोमन अक्षर तेवढ्यात मावते. आपली शिरोरेषा, तिच्यावरची वेलांटी, खालचा उकार आणि मधले जोडाक्षर एवढा संसार त्या खोलीत कसा मावणार? आता साध्या ‘फुल एचडी’ संचावरही आडवे १९२० व उभे १०८० ठिपके असतात, आणि देवनागरीस ऐसपैस जागा मिळते.

आम्हास गरज पडली ती आईमुळे. तिचे वय ८८. वयोमानाने होणाऱ्या नेत्रपटलाच्या विकारात दृष्टीचा मध्यभाग पुसट होत जातो, कडेचे दिसत राहते. अक्षर पुष्कळ मोठे केले, तर असा मनुष्य किंचित तिरपे पाहून वाचू शकतो. भिंगाने तिचे काही दिवस निभावले. पुढे हात कापू लागला आणि भिंगाखाली एका वेळी दोनच अक्षरे येऊ लागली. तिच्याजवळ तिच्या वडिलांनी धारहून इंदूरास पाठविलेली १४२ पोस्टकार्डे आहेत, १९५८ पासून १९७६ पर्यंतची. आजोबा शाळामास्तर. कार्ड भरले की समासात, मग वरच्या कडेस, मग तळाशी, असे ते लिहीत जात. आणि ताजा कलम मास्तरांच्या लाल शाईत. ही कार्डे आम्हास वाचता येत होती, पण समजत नव्हती. नावे तुटक, संदर्भ अर्धे. आईस समजत होते, पण वाचता येत नव्हते. दोहोंची गाठ पडणे अगत्याचे होते, आणि तिचे वय पाहता लवकर.

पोस्टकार्डाची उंची ९ सेंटिमीटर. इंचास ३०० ठिपके या मापाने ते स्कॅन केले, तर उभे सुमारे १०६३ ठिपके होतात, टीव्हीचे १०८०. म्हणजे कार्ड पडद्यावर जवळजवळ जसेच्या तसे बसते आणि आमच्या ४३ इंची संचावर मूळच्या सहापट दिसते. मनी असे धरून आम्ही एचडीएमआयची तार जोडली. कार्ड आले, परंतु वरची व खालची ओळ गायब! दुकानाच्या तंत्रज्ञाने येऊन पाहिले आणि “साहब, टीवी में तो ऐसा ही आता है” असे सांगून चहा घेतला.

खुलासा पुण्याहून चिरंजीवांनी दूरध्वनीवर केला. “बाबा, तुमचा टीव्ही कडा कापतोय.” जुन्या काचेच्या नळीच्या संचांत चित्राच्या कडा विजेच्या दाबाबरोबर व नळीच्या वयाबरोबर हलत. त्या ओबडधोबड दिसू नयेत म्हणून चित्र चौकटीहून थोडे मोठेच पाडीत, आणि प्रक्षेपण करणारेही महत्त्वाचा मजकूर कडेपासून आत ठेवीत. यास ‘ओव्हरस्कॅन’ म्हणतात. सपाट पडद्यास याची काही गरज नाही. तरी अनेक संचांत ही रीत चालूच राहिली. चित्र ताणल्यामुळे ठिपक्यास ठिपका जुळत नाही आणि अक्षरही अस्पष्ट होते. उपाय मात्र सोपा. चित्राच्या आकाराच्या यादीत ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ अशा काही नावाची सोय असते. ती निवडताच कडा परत येतात.

तरीही लाल शाई फुटल्यासारखी दिसे. मनुष्याच्या डोळ्यास उजेडाचा बारकावा जितका कळतो तितका रंगाचा कळत नाही. म्हणून टीव्हीच्या चित्रात रंगाची माहिती कमी ठेवतात. क्रिकेटच्या सामन्यात हे कळतही नाही, पण लाल अक्षराची कड मऊ पडते. त्या जोडणीस ‘पीसी’ असे नाव दिले की बरेच संच रंग पूर्ण दाखवितात. ‘शार्पनेस’ उतरविला, तेव्हा अक्षरांभोवतीची पांढरी किनारही गेली. चित्र सुंदर करण्याची संचाची हौस एकेक करून बंद केली, तेव्हा कोठे आजोबांचे अक्षर आजोबांचे दिसू लागले.

आता रोज सायंकाळी दिवे लागल्यावर आई पडद्यापासून दोन हातांवर वेताच्या खुर्चीत बसते. ती मोठ्याने वाचते, अडली तर आमची नात अक्षर जुळवून देते, आणि आम्ही वहीत टिपून घेतो. इंदूरात टीव्ही आला तो हिंदी बोलत आला. मराठी वाहिन्या फार मागाहून आल्या. त्याच टीव्हीवर अकरा वर्षांची मुलगी पणजीच्या वडिलांचे बाळबोध अक्षर लावते, याचे आम्हास अप्रूप वाटते.

१९६८ सालच्या एका कार्डाच्या तळाशी लाल शाईत एक ओळ होती: “सोनीस निरोप दिला. तू मनास लावून घेऊ नये.” आम्ही समजत होतो की कोणा मुलीची पाठवणी झाली असावी. आईने ओळ दोनदा वाचली.

“सोनी गाय होती रे,” ती म्हणाली. “तुझ्या मुंजीला दादांनी विकली. पैसे मनीऑर्डरने आले.”

सत्तावन्न वर्षे आम्हास हे ठाऊक नव्हते. तिने सांगितले नव्हते, आणि विचारावे असे काही असेल हेच आम्हास माहीत नव्हते. त्या दिवशी पुढचे कार्ड लावले नाही. नातीने मात्र गाईचा रंग विचारला, आणि आईने सांगितला: तांबडी, कपाळावर पांढरा टिळा.

आजवर ९७ कार्डे झाली, ४५ उरली आहेत. आई दमते, म्हणून रोज एकच लावतो. इकडच्या जुन्या घरांतून अशा पत्रांच्या पिशव्या पुष्कळ असतील. त्या स्कॅन करून ठेवणे केव्हाही जमेल. त्यांतली सोनी कोण हे सांगणारे माणूस मात्र घरात आहे तोवरच विचारता येते. टीव्ही तर घरात आहेच. तार काही फार महाग नाही.